चटका

कळसाडी,
ता. १ डिसेंबर १९३६

चि. दोधू यास धनूताईचे अनेक आशीर्वाद. मंगलाला आणि दोन्ही लेकरांना माझ्या वाटचं पोटाशी धर. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. थंडी मात्र अशी पडली आहे की पहाटे गोठ्यात गेलं की गाईला टेकून उभं राहावंसं वाटतं.

पत्राचं कारण तुला ठाऊक आहे. नाताळची सुट्टी जवळ आली. साहेबाकडे रजेचा अर्ज आताच टाकून ठेव. मागल्या वर्षासारखं ऐन वेळी ‘ताई, काम निघालं’ म्हणालास, तर मी सुरतेला येऊन तुझ्या दवाखान्यातल्या सगळ्या बाटल्या फोडीन आणि तुझी कंपाउंडरकी घालवीन. तिकडची गुळचट डाळ खाऊन तुझ्या जिभेचं काय झालं असेल ते देव जाणे.

या वर्षीची दादर ज्वारी अशी निघाली आहे की भाकरी थापताना कड फुटत नाही. गुऱ्हाळ सुरू झालंय. काकवीचा एक हंडा तुझ्या नावाने झाकून ठेवलाय, तुझ्या भाचीला, छबूला त्याच्याजवळ फिरकू देत नाही. पोरगी सहा वर्षांची झाली, पण गोड दिसलं की तीन वर्षांची होते. डिंकाचे लाडू तुम्ही आल्यावर वळू. वांगी तर वाफ्यात डोळ्यांसमोर फुगताहेत, पण तुला माहीत आहे, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्याशिवाय आमच्या सासूबाई वांग्याला हात लावू देत नाहीत. तोवर बघत बसायचं. तू येशील तेव्हा मनसोक्त खा.

मांडेही करीन. तुला सांगायचं राहिलं, मी आता मांड्यांची मोठी मानकरीण झाले आहे. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर लाल तापतं, त्यावरून पुरणाचा मांडा उचलताना भल्याभल्या बायांची मनगटं भाजतात. माझं काही भाजत नाही. लग्न कुणाकडेही असो, सारंगखेड्यापर्यंतची बोलावणी येतात. सासूबाई चारचौघींत सांगतात, ‘मन्ही सुनना हात म्हणजे दुसरं खापर शे.’ लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं कौतुक. माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

अक्षर वेडंवाकडं आलंय, हसू नकोस. टाक सारखा बोटांतून निसटतोय. थंडीने असेल.

आणखी एक विचारायचं होतं. इथे गावात एक बाई आहे, तुझ्या ओळखीची नाही. तिच्या दंडावर फिकट डाग पडलाय. खाजत नाही, दुखत नाही. परवा तिच्या तळहातावर भाजल्याचा मोठा फोड निघाला आणि हात कधी भाजला हेच तिला आठवेना. तुमच्याकडे एखादं मलम असलं तर येताना घेऊन ये. घाई काही नाही.

मामंजींना जाऊन आता वर्ष झालं, त्यांचं श्राद्ध नीट पार पडलं. बाकी सगळं भेटीत बोलू.

तुझी ताई, धनू

*

कळसाडी,
ता. ११ डिसेंबर १९३६

चि. दोधूस आशीर्वाद.

उलट टपाली उत्तर आलं. मी इतकं खाण्यापिण्याचं लिहिलं आणि तुझ्या पत्रात भरिताचं नावसुद्धा नाही. नुसते प्रश्न. डागावर घाम येतो का, भुवया विरळ झाल्या का, घरात लहान पोर आहे का, त्या घरी स्वयंपाक कोण करतं. तू कंपाउंडर आहेस की फौजदार? गावातल्या बाईच्या चुलीपाशी मी कशी जाऊन बघणार?

पण तू लिहिलंस म्हणून तेवढं एक केलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मी दंडावरच्या डागात सुई टोचली. ती वाट बघत राहिली, आता टोचेल, मग टोचेल. शेवटी मान वळवून पाहिलं तर सुई दंडात उभी होती आणि रक्ताचा थेंब आला होता. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तू म्हणतोस ‘तसं असेल तर तिला ताबडतोब इथे घेऊन ये.’ बोलायला काय जातं. बाईमाणूस घर टाकून काय सांगून सुरतेला जाईल? आणि सांगितलं तर परत घरात घेतील का? ते तुझ्या डॉक्टरच्या पुस्तकात लिहिलंय का?

नाव तू लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही. आमच्याकडे त्या रोगाला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. बाजूच्या गावातल्या एका म्हाताऱ्याला नदीकाठच्या खोपटात ठेवलं होतं. भाकरी टोपलीत घालून काठीने पुढे सरकवायचे.

दोधू, या वेळी लेकरांना आणू नकोस. गावात खोकल्याची साथ आहे. मंगलालाही राहू दे. वाईट वाटून घेऊ नकोस, पुढल्या वर्षी सगळे या.

छबूचं म्हणशील तर तिला आता माझी धाकटी जाऊ कमल जेवू घालते. मी सांगितलं, मला कामं खूप आहेत. कार्टी ऐकत नाही. माझ्यासमोर येऊन चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडून बसते आणि मी उठून आत जाते. काल सासूबाई म्हणाल्या, पोटच्या पोरीवर कसला राग धरलाय? मी म्हटलं, लाडावलीय. ह्यांनीही विचारलं. तुझे मेहुणे एरवी दिवसात चार शब्द बोलत नाहीत, त्यांनी दोनदा विचारलं. त्यांना म्हटलं, पाठ दुखते, मी माजघरात वेगळी निजते.

रोज सकाळी मी एक मात्र करते. तव्यावरची भाकरी छबूच्या तळहातावर ठेवते. ती ‘आई, चटका!’ म्हणून फेकते आणि रडते. ते रडणं ऐकलं की माझा दिवस सुरळीत जातो. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि मला कसाई म्हटलं. म्हणोत. का करते ते तू विचारू नकोस.

आठ दिवसांवर चंपाषष्ठी आली. सासूबाईंनी गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलावून ठेवलंय. कपाशीच्या वाळल्या पळकाट्यांच्या जाळात वांगी भाजायची आणि गरमागरम सोलायची ती मी. मी उपासाचं निमित्त सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, उपास तोंडाला असतो, हातांना नसतो. दोधू, काय करू ते सांग. आजारपणाचं सोंग मला येत नाही, आयुष्यात कधी आडवी पडलेली नाही मी.

उत्तर लवकर लिही. त्या बाईला द्यायचं आहे.

ताई

*

कळसाडी,
ता. २० डिसेंबर १९३६

दोधू,

ती बाई मी आहे. तुला कधीच कळलं होतं. तुझ्या दुसऱ्या पत्रात ‘त्या बाईला सांग’ असं कुठेच नव्हतं, सरळ ‘ताई, घाबरू नकोस’ लिहिलं होतंस. मी ते वाचून चूल पेटवायची विसरले. सुई मीच टोचली होती ते खरं. दंडही माझाच होता.

काल चंपाषष्ठी झाली. काय झालं ते सगळं लिहिते, मग तुला वाटेल ते कर.

सकाळपासून मी पाणी भर, भांडी घास, असं करत चुलीपासून लांब राहिले. दुपारी अंगणात जाळ पेटला. दहा-बारा बाया जमल्या होत्या. वांगी जळून काळी झाली, राखेतून बाहेर काढली आणि सोलायला कुणी पुढे होईना. कमलने एकाला हात लावला आणि बोटं तोंडात घातली. बाया हसल्या. म्हणाल्या, खापर कुठे आहे, खापराला बोलवा. सासूबाईंनी हाक मारली. मी आतून म्हटलं, आज कमलला सोलू द्या. त्यांनी पुन्हा हाक मारली, सगळ्यांदेखत. आवाजात मान होता दोधू, माझा मान. मी दारात आले आणि तिथेच थांबले. पाऊल पुढे पडेना.

एवढ्यात छबू उठली. गेले कित्येक दिवस मी तिला जवळ घेतलं नव्हतं. तिला वाटलं असेल, आता आईला आवडेल असं काहीतरी करावं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘मन्हा हात बी आईना सारखा शेतस.’ आणि दोन्ही हातांनी जळतं वांगं उचललं.

तिने फोडलेली किंकाळी अजून माझ्या कानात आहे. बाया धावल्या, कुणी पाणी ओतलं, कुणी तूप आणलं. आणि मी दारात उभी राहून हसत होते. मला भाजलेलं पोर दिसत नव्हतं, मला फक्त ऐकू येत होतं की तिला लागलं, तिच्या हातांना कळतं. मग माझं मलाच समजलं की मी हसतेय, आणि सगळ्या माझ्याकडे बघताहेत.

सासूबाई चवताळून म्हणाल्या, ‘तू माय शे का कोन शे?’

आता लपवून काय राहिलं होतं. मी दंडावरची चोळी वर सरकवली आणि म्हटलं, ‘मन्हा हात चांगला नहीत. माले चटका समजत नही. तुम्ही ज्याले गुण म्हनतस, तो रोग शे.’

एकीने चूळ भरली. पोराला कडेवर घेतलेली एकजण निघून गेली, मग बाकीच्या एकेक करून गेल्या. माझ्या हातचे मांडे खाऊन बोटं चाटणाऱ्या याच होत्या. मी त्यांना दोष देत नाही, मला माझ्या तोंडाची चव कडू लागत होती. नैवेद्याला ठेवलेली वांगीसुद्धा सासूबाईंनी उकिरड्यावर टाकायला लावली. मी ज्यांना हातही लावला नव्हता तीसुद्धा.

हे शेतातून आले. ओसरीवर बसून सगळं ऐकलं. मग म्हणाले, दोधू येईपर्यंत मळ्यात राहा. मी विचारलं, आणि दोधू आल्यावर? ते उठून चालू लागले. पण मळ्यातली झोपडी त्यांनी स्वतः झाडली, अंथरूण टाकलं आणि आपली घोंगडी मला दिली. हे मला तुला मुद्दाम लिहायचं होतं. उद्या त्यांनी काहीही ठरवलं तरी तेवढं केलं ते केलं.

दिवे लागले तेव्हा सासूबाई ताट घेऊन आल्या. मला वाटलं काठीने सरकवतील. त्यांनी ताट खाली ठेवलं, चार पावलं मागे गेल्या आणि तिथे बसून राहिल्या. ताटात भाकरी होती आणि भरीत. कमलने दुसरी वांगी तोडून केलं होतं. मी घास घेतला. त्यांनी विचारलं, ‘मीठ बराबर शे का?’ दोधू, त्या बाईने बारा वर्षांत कुणालाही मीठ विचारलेलं नाही, त्यांचंच बरोबर असायचं. मी म्हटलं, जरा कमी आहे. तर पदर तोंडावर घेऊन रडायला लागल्या. मी जेवत राहिले. ताट रिकामं होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

तू लिहिलंस की तुमच्याकडे कडू कवठाच्या तेलाच्या सुया टोचतात, लवकर आलेल्याला गुण येतो, आणि हा रोग नुसत्या शिवण्याने उडी मारत नाही. हे तू इथे येऊन, ओसरीवर उभं राहून, ह्यांना आणि सासूबाईंना मोठ्याने सांग. मी सांगितलेलं कुणी ऐकणार नाही. त्यांनी ऐकलं तर छबूकडे परत येण्याचा रस्ता मला राहील. नाही ऐकलं तर माझं घर गेलं. एवढंच सगळं आहे, आता काही झाकून ठेवलेलं नाही.

तेव्हा नाताळात ये. एकटा ये. नंदुरबारला गाडी पाठवायला मी ह्यांना सांगितलंय, ते हो म्हणाले. काकवीचा हंडा आहे तसाच आहे, त्यावर कमलने फडकं बांधलं होतं, मी हात लावलेला नाही. मळ्यात पळकाट्या खूप आहेत. आपण जाळ करू, मी लांब बसून सांगेन, वांगं कधी काढायचं, लसूण किती, मिरची किती. सोल मात्र तू. आणि चटका बसला की पुरुषासारखा गप्प राहू नकोस. चांगला ओरड. मला ऐकायचं आहे. मग मला सुरतेला घेऊन चल.

आत्ता कमल बांधावर येऊन सांगून गेली, छबूच्या बोटांना फोड आलेत, रात्रभर ठणकलं म्हणून रडते. ठणकू दे. खूप ठणकू दे.

वाट पाहते.

तुझी
ती बाई,
धनूताई