नऊ मिलिमीटर

९ मार्च

“पाढे ज्या भाषेत पाठ केलेस, आकडे त्याच भाषेत लिही. चुकणार नाहीस.” चौथीत मनोहर गुरुजी म्हणाले होते. साइटवरच्या वहीत माझे आकडे अजून मराठीच.

आज ऑफिसात कळलं — युनिव्हर्सिटी ते जुनं व्याख्यानगृह पाडणार. सोमवारी मशिन येणार. आमच्याच रिपोर्टवरून! ते बांधणाऱ्या आर्किटेक्टची हॉटेलं सगळ्यांना ठाऊक. हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. काँक्रीटच्या जाळीची भिंत, पंखा बंद असला तरी शेवटच्या बाकापर्यंत वारा. तीन महिने त्याच्या भेगा मोजत होते मी. इतकं खराब नव्हतं ते.

ऋता म्हणाली, “आई, ओल्ड बिल्डिंग ओन्ली, ला!” इथल्या मुलांसारखं प्रत्येक वाक्याला ‘ला’ लावते. चौदा वर्षांची आहे. रागावले नाही.

१० मार्च

रिपोर्ट उघडला. मुख्य तुळईला भेग — नऊ मिलिमीटर.

वहीत १ आहे. एक!

आठवलं. मी वाचून दाखवत होते, ऑफिसातली वेई लिंग टाइप करत होती. शेवटच्या पानावर, एकच आकडा उरला असताना, मला फोन आला. “वन नंबर ओन्ली. आय कॅन रीड, ला,” म्हणाली. माझा मराठी एक तिने इंग्रजी नऊ वाचला.

नवऱ्याला, निशिकांतला फोन केला. तो जुरोंग आयलंडच्या कंपनी-बसमध्ये होता. “टाइप तू केलंस का? नाही ना? मग गप्प बस. तुझा इथला वर्क पास रिन्यू व्हायचाय.”

बरं वाटलं. लिहायला लाज वाटते — पण वाटलं.

११ मार्च

नाही. टाइप झाल्यावर तपासलं मीच. वही शेजारी ठेवून, एकेक आकडा. हे दोन अगदी सारखे दिसले. टिक केली, पुढे गेले. खाली सही माझी.

१२ मार्च

आमच्या फर्मचे मालक मिस्टर टॅन, त्यांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. “कंत्राट दिलं गेलंय. आता चूक कळवायची म्हणजे फर्म बंद करायची. यू वॉन्ट दॅट?” मग हळू आवाजात, “गो होम. रेस्ट.”

संध्याकाळी तिथे जाऊन आले. पत्रे ठोकलेत चारी बाजूंनी. आत जाऊ देत नाहीत.

१३ मार्च

सकाळी राजीनामा दिला. निशिकांतला अजून सांगितलेलं नाही.

मग युनिव्हर्सिटीला मेल. नाही म्हणतील, माहीत आहे. तरी लिहिलं — चूक माझी आहे. पाडण्याआधी तुमच्या माणसासमोर ती भेग मला एकदा पुन्हा मोजू द्या.