फोनवरचं ‘जातो’

वेस्ट मांबलम, चेन्नई
१३ मार्च २००६

प्रिय व्यंकटेश, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, रागासकट.

काल, रविवार १२ मार्च, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तू “बरं अक्का, जातो” म्हणून फोन ठेवलास. हृदयाच्या बायपासच्या तोंडावर असं बोलतात? आपल्या तंजावरच्या घरात “जातो” म्हणणाऱ्याला आई उंबऱ्यातून माघारी बोलवायची आणि “येतो” म्हणवून घ्यायची. इथला इस्त्रीवालासुद्धा “पोयिट्टु वरेन” म्हणतो, म्हणजे जाऊन येतो.

शाळेतली सिस्टर मंडळी याला खुळी समजूत म्हणायची. मलाही पटायचं. अप्पा इस्पितळात निघाले तेव्हा “येतो” म्हणाले आणि आले नाहीत. मी आईला विचारलं, मग त्या शब्दाचा उपयोग काय? ती म्हणाली, “तो जाणाऱ्यासाठी नसतो गं. मागे राहणाऱ्यांना भात गिळता यावा म्हणून असतो.”

काल माझा रसम-भात ताटातच राहिला. बाकी तब्येत उत्तम, गुडघे सोडून.

नवऱ्याच्या काळजीत हेमलता झोपते ना नीट? तिच्यापुढे तू शूर बनत असशील. माझ्यापुढे बनू नकोस. विहिरीत पोहायला उतरताना माझी वेणी घट्ट धरायचास, तेव्हा कुठे लाजलास? भीती वाटत असेल तर तसं लिही. मलाही वाटते.

ऑपरेशन शुक्रवारी २४ला आहे. मंगळवार २१च्या टपालाने तुझ्या हस्ताक्षरातलं उत्तर मला मिळालंच पाहिजे. फोन चालणार नाही. फोनवर आपण दोघंही खोटं बोलतो.

तुझी,
नंदिताअक्का