कुबडवाला उंट

९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती बोलते आणि तुझं काही ऐकून घेत नाही, ही तुझी तक्रार बाबांनी पोचवली. म्हणून हे पत्र. निवांत वाच आणि निवांत रागाव.

जुन्या बुद्धिबळ-प्रोग्रॅमवरचं माझं पुस्तक संपत आलंय. ज्या प्रोग्रॅमसाठी तू सोंगट्यांची चित्रं काढलीस, त्याच्यावर त्यातलं एक अख्खं प्रकरण आहे. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी तो चालू करून दिला. पडद्यावर तुझा पट उमटला तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसले. दोनच रंग, इवल्याशा चौकटी, त्यात मोजके ठिपके, आणि तरी घोडा घोडाच दिसतो, तोही फुरफुरणारा.

अडचण अशी, की स्क्रीनशॉट छापायची परवानगी द्यायला कुणी सापडत नाही. तुमची कंपनी बुडाली, हक्क या हातातून त्या हातात गेले, आणि माझ्या पत्रांची कुणी साधी पोचही देत नाही. प्रकाशकबाईंचे वकील म्हणाले, कायद्यात 'उचित वापर' नावाची सोय आहे. ज्या चित्राविषयी काही सांगायचंय ते गरजेपुरतं, कुणाचं ते नमूद करून, परवानगीवाचून छापता येतं. पण माझे स्क्रीनशॉट त्यांना नुसती सजावट वाटले. मग बाईंनीच तोडगा काढला. त्यांच्या चित्रकाराने तुझा पट नव्याने, स्वच्छ काढून दिलाय. पान सोबत पाठवतेय. कंपनीने तुझं नाव कुठेच दिलं नव्हतं, ते आता पुस्तकात येईल, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

गुडघा कसा आहे? जिने कमी चढ. माया आहे तेवढी असू दे, आणि उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी,
ठकू


१६ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतोय, पण मी त्याच्याहून जास्त. पान पाहिलं. भिंग लावून पाहिलं. माझ्या उंटाचं कुबड कुठे गेलं?

माहीत नसेल तर ऐक. कंपनीतल्या साहेबांनी मला लाकडी सोंगट्यांचा फोटो दिला आणि बिशप काढायला सांगितला, टोपीवाला, टोपीला चीर असलेला. आता मी खेळ शिकले दादाकडून, म्हणजे तुझ्या बाबाकडून, जेवणाच्या टेबलाखाली बसून. त्याने त्या सोंगटीला जन्मभर उंटच म्हटलंय. उंट म्हणायचं आणि पाठ सपाट ठेवायची, हे मला काही जमेना. म्हणून मागच्या बाजूला एक ठिपका वाढवला. साहेबांना वाटलं काचेवर डाग आहे. ते येता-जाता रुमालाने पडदा पुसायचे आणि मी मान खाली घालून काम करायचे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं होतं, त्या ओठ दाबून बसायच्या. असा आमचा उंट बाजारात गेला.

तुझ्या चित्रकाराने तो डाग समजून काढून टाकला. हात छान आहे त्याचा, पण हे चित्र त्याचं आहे. कौतुक माझं आणि चित्र दुसऱ्याचं, म्हणजे लग्न एकीचं आणि फोटो दुसरीचा. माझं चित्र छापता येत नसेल तर माझं प्रकरणच गाळ. हे रागाने म्हणत नाही, वाईट वाटलं म्हणून म्हणतेय. नोकरीत तेवढं एकच काम मी माझ्या मनासारखं केलं.

पुस्तक मात्र पुरं कर. तुझ्याइतकी चिकाटी आपल्या घरात कुणाला नाही, दादाला तर मुळीच नाही. आशीर्वाद सध्या एवढेच, राग ओसरला की बाकीचे पाठवीन.

तुझी,
आत्या


२० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन तडक वकिलांकडे गेले आणि कुबडाची हकिकत वाचून दाखवली. ते आधी हसले, मग म्हणाले की ही हकिकत चित्र पाहिल्यावाचून कुणाला कळणारच नाही, आणि गरज म्हणतात ती हीच. मी प्रकरण नव्याने लिहिलं. तुझ्या पटाचा खरा स्क्रीनशॉट घेतला, ठिपका दिसेल एवढाच मोठा, आणि भोवती तुझी कारागिरी उलगडत गेले. तेव्हा कुठे दिसलं की वजीर राजाहून बुटका आहे, पण मान त्याचीच जास्त ताठ आहे. आत्या, एवढ्याशा जागेत तू दरबारातलं राजकारण बसवलंस. ज्यांच्याविषयी मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, ते इतर प्रोग्रॅमचे स्क्रीनशॉट मी आपणहून काढून टाकले. जीव तुटला, पण पुस्तक सुधारलं. मग वकिलांनी होकार दिला.

पुस्तक छापून आलं. प्रत सोबत आहे, आणि रागवायची पाळी पुन्हा तुझीच आहे. चित्राखाली कंपनी आणि साल बरोबर आलं, पण पुढे तुझं नाव यायला हवं होतं. मी सवयीने 'चित्रे: आत्या' असं लिहून गेले. मुद्रितं तपासणाऱ्यांना ते टोपणनाव वाटलं, त्यांनी हात लावला नाही, आणि सगळ्या प्रती तशाच निघाल्या. ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला, ते मीच गिळून बसले. लाज वाटते गं. प्रकाशकबाई म्हणतात, प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू. तुझं पूर्ण नाव तुला हवं तसं लिहून पाठव.

रागाव, पण लोभ आखडता घेऊ नकोस.

तुझी,
ठकू


२८ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ., आणि मागचे राहिलेलेही.

पुस्तक दोनदा वाचलं. वजिराची मान तुला दिसली. इतक्या वर्षांत ती कुणाच्याच नजरेत भरली नव्हती, साहेबांच्याही नाही आणि खेळणाऱ्यांच्याही नाही. मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. लेकी, तू फार चांगलं बघतेस.

चिठ्ठी-बिठ्ठी काही चिकटवू नका. पूर्ण नाव विजेच्या बिलावर आहे आणि दवाखान्याच्या कार्डावर आहे, तिथे ते बरं आहे. कंपनीत मला नुसतं 'चित्रवाल्या बाई' म्हणायचे. आत्या म्हणणारी जगात तू एकटी होतीस. आता जो कुणी ते पान उघडेल, त्याला मला आत्याच म्हणावं लागेल.

तुझी, आणि यापुढे सगळ्यांची,
आत्या