विसावं उत्तर

जुने शहर, अकोला
११ फेब्रुवारी २००७

प्रिय माधवी,

काल अमरावतीला माझी तोंडी परीक्षा झाली. पीएच.डी. मिळाली. अब्बांनी गल्लीभर जिलबी वाटली आणि मी आज दुपारी अशी झोपले, की अम्मीने दोनदा श्वास चालू आहे का पाहिलं.

ग्रंथपालाला नेमकं काय यायलाच हवं, हा माझा विषय तुला ठाऊक आहे. वीस जाणकारांना टपालाने प्रश्नावली पाठवायची, नावं लपवून सगळ्यांची मतं सगळ्यांना कळवायची, पुन्हा विचारायचं. तीन फेऱ्यांत एकमतापर्यंत यायचं. एकोणीस जणांनी वर्गीकरण, सूची, संगणक वर ठेवलं. तू मात्र तेल्हाऱ्याच्या वाचनालयातून समासात लिहिलंस, 'समोरच्याले जे इचारता येत नाही, ते ओळखता आलं पायजे.' खाली मैनाची हकिकत. कपाशीवर फवारणी करून आलेला तिचा नवरा घरी ओकत होता आणि ती रिकामी बाटली पदराखाली धरून तुझ्यापुढे 'एखादं पुस्तक द्या' म्हणत उभी होती. पुस्तक न शोधता तू पदरात काय आहे ते विचारलंस, लेबल वाचलंस आणि बाटलीसकट दोघांना जीपने दवाखान्यात नेलंस. तो वाचला.

मार्गदर्शक सर म्हणाले, एका उत्तराने एकमत बिघडतं, वगळा. मी वगळलं. आकडे सुरेख जुळले. पण प्रबंध टाईप होऊन आला तेव्हा मला तो वाचवेना. माझ्या त्या देखण्या यादीत मैनाच्या कामी येईल असं काहीच नव्हतं. वगळल्यावर पाच महिन्यांनी तुझं उत्तर पुन्हा आत घेतलं आणि तिसरी फेरी नव्याने केली. सर महिनाभर नीट बोलले नाहीत. अकरा जणांनी आपला क्रम बदलला, आठ ठाम राहिले. एकमत झालं नाही, असंच मी लिहून टाकलं. काल बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं तेच पान उघडलं. त्या एवढंच म्हणाल्या, लपवलं नाहीत, बरं केलंत.

तुझ्यापासून मात्र लपवलं होतं. 'तिसरा कागद काहून नाही आला?' असं कार्ड तू टाकलंस, तेव्हा टपालात गहाळ झाला असेल, असं मी कळवलं. मी तो पाठवलाच नव्हता. उशिरा आलेला कागद तू काही न विचारता भरलास, म्हणून जास्त लागलं. हे सांगायलाच आज बसले. लिहून झालं, आता हलकं वाटतंय. रागावलीस तर राग लिहून पाठव, पण पाठव.

तुझीच,
नगमा