एका पोत्याला एकच माप

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, धंदा ब्रॉयलर कोंबड्या वाढवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमचे पशुवैद्य द्यायला तयार होते, पण कोंबड्यांच्या डॉक्टरचा दाखला माणसाला चालत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. मला कोणी भरीस घातलेले नाही. घातले असेल तर माझ्याच स्वभावाने.

१. राहते घर पत्नीला. पूर्वेची खिडकी मी विटांनी बुजवून घेतली, कारण तिच्यातून रस्त्यापलीकडची धाकट्या भावाची शेड दिसते. त्यातली एक वीट निघते. ती कोणती, हे पत्नीला मी कधी सांगितलेले नाही, पण तिथला चुना ती रोज सकाळी झाडून काढते.

२. शेड, खाद्याची भांडी, पाण्याची भांडी, पिल्लांना ऊब देणारे दिवे आणि पूड दळायची चक्की मुलीला. तिने कोंबड्यांखाली अंथरलेले तूस वेळेवर हलवावे. ओल्या तुसाचा वास मला मेल्यावरही सहन होणार नाही.

३. वजनाचा काटा पशुवैद्यांना. याच काट्यावर त्यांनी धाकट्याची कोंबडी टांगली आणि माझ्याच अंगणात, माझ्याच तोंडावर, "वा!" म्हणाले. माझ्या कोंबडीला आजवर त्यांनी नुसते "ठीक" म्हटले आहे. काटा न्यावा आणि तो "वा"ही घेऊन जावा.

४. धाकट्या भावाला काहीही नाही. त्याला साक्षीदार केले आहे, कारण ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करायची नसते, असे वकीलसाहेबांकडून मी नीट समजून घेतले आहे.

आता कारण. लसूण, आले, हळद आणि ओवा वाळवून केलेली पूड ही माझी कल्पना. पिल्लांना ऊठसूट औषधे पाजण्याऐवजी खाद्यातच ती मिसळायची. लोक हसले, तरी मी हटलो नाही. पुढे धाकट्याने शेड बांधली आणि प्रमाण विचारायला आला. मी पोत्याला दोन मापे घालत होतो. त्याला एक सांगितले. मला त्याचा हेवा वाटत होता, हे इथे लिहूनच टाकतो. लहानपणापासून त्याने हात लावला की रोप जगायचे आणि मी लावले की कोमेजायचे. एका मापाने पूड लागू पडणार नाही, त्याची पिल्लं जेमतेम वाढतील, एवढाच माझा हिशेब होता.

त्याची पिल्लं खाद्यावर तुटून पडली. माझी त्या उग्र वासाने चोच मागे घ्यायची आणि त्याच वजनाला चार दिवस जास्त लावायची. पिल्लांच्या दुसऱ्याच लॉटला मला सगळे कळले. तरी मी सहा वर्षे दोनच मापे घातली. एक केले असते तर माझे खोटे माझ्या खऱ्यापेक्षा शहाणे ठरले असते. वर हा गृहस्थ येईल त्याला सांगतो, सगळे दादाचे आहे, मी फक्त घालतो. तो फुशारकी मारत असता तर मला सोपे गेले असते.

५. हे कलम आज सकाळनंतर लिहीत आहे. धाकटा सहीसाठी आला. मी खाद्य कालवत होतो. त्याने चपला काढल्या, बाह्या सारल्या, फावडे घेतले. मी पहिले माप टाकले, दुसरे भरले. त्याने माझे मनगट धरले.

"दादा, एक पडलंय. तूच म्हणतोस ना, एकाच्या वर नाही?"

हात चुकला, असे मी म्हणालो. तो म्हणाला, वयानं होतं, आता मी येत जाईन रोज कालवायला. मग पोते पुरे होईपर्यंत तो कालवत राहिला आणि मी भरलेले माप हातात धरून उभा राहिलो. दुपारी माझ्या शेडमधली खाद्याची भांडी रिकामी होती.

म्हणून कलम चार रद्द. मुलीने यापुढे पोत्याला एकच माप घालावे. ते माप, कान तुटलेला पत्र्याचा पेला, धाकट्याला द्यावे. प्रमाण त्याचे आहे, असे मुलीने चारचौघांत सांगावे. कसे सापडले, ते त्याने इथे वाचावे आणि मला काय म्हणायचे ते म्हणावे. मी तेव्हा ऐकायला नसेन, तेवढी सवलत मी स्वतःला ठेवली आहे.

तो सहीसाठी अजून ओट्यावर बसला आहे. आता बाहेर जाऊन, तुझी सही चालणार नाही, एवढे त्याला सांगायचे आहे. का, हे तो विचारणारच.

ठिकाण: खाद्याची खोली.
तारीख: पिल्लांचा एकोणिसावा दिवस.
लिहून देणार: सही

साक्षीदार १: धाकटा भाऊ (खोडले. खाडाखोड माझी, सहीसह)
साक्षीदार १: खाद्याच्या गाडीचे ड्रायव्हर, सही
साक्षीदार २: वकीलसाहेबांचे कारकून, सही