बर्लभावजींची तीन पानं

वयानं आणि मानानं मोठ्या (हे तुम्ही मला कधी विसरू दिलं नाहीत) झेल्फावन्संना आर्डिथचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डेटनच्या त्या घराला पायऱ्या फार, असं मी तेव्हाच म्हटलं होतं, पण भावजयीचं कोण ऐकतं. माझी तब्येत ठीक. तुमच्या धाकट्या भावाबद्दल, म्हणजे बर्लभावजींबद्दल, सगळं खाली लिहिलंय. मधलं सोडून शेवट आधी वाचू नका, तुमची ती खोड मला माहितीये.

मे महिन्यातल्या, गेलेल्यांना फुलं वाहायच्या रविवारासाठी आम्ही शनिवारी टेकडीवर थडगी साफ करायला गेलो. यंदा पाऊस जास्त, त्यामुळे तीन पानांची ती विषारी वेल कुंपणावरून थेट तुमच्या आईच्या दगडावर चढलेली. पुरुष तोडत होते. ज्याला वेल लागेल त्याला मी ओढ्याच्या गार पाण्याच्या टबाशी बसवून पिवळ्या साबणानं कोपरापर्यंत धुवायला लावत होते, तेही लगेच, गप्पा नंतर. मग वर ओढ्याकाठच्या रानतेरड्याचा ठेचा. (पाद्रीबाबांनी आधी प्रार्थना करू म्हटलं. मी म्हटलं, आधी हात. त्यांनी धुतले.)

दुपारी भावजींचा नेहमीचा खेळ झाला. दरवर्षी ते वेलीची तीन कोवळी पानं लोणी लावलेल्या मक्याच्या पावात घालून खातात, तुमच्या आजोबांसारखी, म्हणजे वर्षभर वेल बाधत नाही. (तोडताना हातमोजे मात्र घालतात.) त्यांची पोरगी रेनिटा, ती दवाखान्यात नर्स आहे ना, ती हात जोडून नको म्हणाली. आणि मी, जीभ झडो माझी, म्हटलं, भावजी, आता वय झालं तुमचं, यंदा एकच खा.

"आर्डे, पाव दे इकडं," ते म्हणाले. तिन्ही खाल्ली.

रविवारी टेबलं मांडली, कोंबडी, घेवडा, सगळं. गेलेल्यांची नावं वाचायचा मान भावजींचा. वाचत वाचत आमच्या ह्यांच्या नावापाशी आले, "एस्टिल" म्हणाले आणि आवाजच गेला. मला वाटलं रडतायत. माझ्या नवऱ्यासाठी इतक्या वर्षांनी कुणी रडतंय म्हणून मीही रुमाल काढला. रेनिटानं मात्र धावत जाऊन त्यांची हनुवटी वर केली. ओठ सुजून उलटे झालेले, डोळ्यांच्या फटी राहिलेल्या.

मग काय विचारता, ज्याच्या त्याच्याकडे औषध. कुणी ताक आणलं, कुणी सोड्याचं पाणी, कुणी म्हणे बोटं घालून ओकवा. मी स्वतः रानतेरडा ठेचून पेल्यात घेऊन उभी. रेनिटानं माझ्या हातातून पेला काढून ओतून टाकला.

"काकू, हे कातडीवर लावायचं. पोटात गेलेल्याला घरात औषध नाही. गाडी काढा."

तिनं ट्रक चालवला, मी भावजींना ताठ बसवून धरलं, आडवं व्हायचं नाही म्हणाली. ओढ्याला पाणी चढलेलं, चाकं अर्धी बुडाली, इंजिन दोनदा खोकलं. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी सारखी चिडवत होते. म्हटलं, साठ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही गप्प बसलात, तुमची बायको हे बघायला हवी होती. ते माझ्याकडे डोळे वटारायचे. वन्सं, डोळे वटारताहेत तोवर माणूस आहे, एवढाच माझा हिशोब. गिरणीच्या वळणापाशी त्यांनी वटारणं सोडलं. शिट्टीही बारीक झाली. मला दुसरी थट्टा सुचेना.

"भावजी, एकदा रागवा ना माझ्यावर," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. आत चार सुया टोचल्या, नाकाला नळी लावली, आणि मी बाहेर बाकावर बसून तुमच्या देवाला (माझं त्याच्याशी फारसं बोलणं नसतं) काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. संध्याकाळी आत बोलावलं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले.

आता घरी आहेत. ओटच्या पाण्यानं आंघोळ, पातळ खिमट, आणि खाजवलं की हातावर माझी चापट.

तुमची,
आर्डिथ

ता. क. हे पान एकटीनं वाचा आणि चुलीत घाला. गेली तेवीस वर्षं भावजींनी ती वेल खाल्लेलीच नाही. लोणी मी लावते ना, त्यांची पानं फडक्यानं उचलून फेकून मी रानमेपलच्या रोपाची घालत आले, तीही तीन-तीनच असतात आणि निरुपद्रवी. फरक एवढाच की त्याची पानं देठावर समोरासमोर येतात आणि वेलीची मागे-पुढे. यंदा मला ते दिसलंच नाही, रोपाची म्हणून वेलीचीच खुडली. डोळ्यांत पडदा आलाय, कुणाला बोलले नाही. माझ्याही बोटांना फोड आलेत, चुलीचे म्हणून सांगते. तुमच्या तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख घ्या. तुमचा गुडघा बघायला येते असं इथं सांगेन.

ता. क. दुसरा. वयानं अंगातली वेल सोसायची ताकद ओसरली असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून भावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. आज सकाळी उठून बसले. म्हणाले, पुढच्या वर्षी एका पानापासून परत सुरुवात करतो, लोणी मात्र आर्डीनंच लावायचं. तर तारीख पुढच्या एप्रिलच्या आतली घ्या, वन्सं.