चेंडू ऐकू येतो

बाबा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. थर्मासमध्ये चहा आहे. आधी डोळ्यांत थेंब घाला, मग खुशाल चिडा: तुमची गोल्फची बॅग मी वर घेऊन गेलेय.

खालच्या हॉटेलचं मैदान विसरा, तिथे नुसता कल्ला. पहाटे मी कड्यालगतचं मैदान बघून आले. पायाखाली ढग होते, आणि शांतता अशी की खोकायचीही छाती होईना.

"चेंडू कुठे पडला तेच दिसत नाही, तर खेळू कशाला?" म्हणता ना? मी डोळे मिटून एक मारला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग लांब, उजवीकडे, गवतावर टप्प! आवाजाच्या रोखानं गेले, तर चेंडू तिथेच.

गाडीवाल्याला सांगून ठेवलंय. भांडायचं तर वर येऊन भांडा. पण हळू. तिथे मोठ्यानं बोलवतच नाही.

धाकटी